आठवी ते दहावीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न आणि एका वर्गशिक्षिकेची उत्तरं

पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी, फोनवर आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढले आहेत. मी राज्य मंडळाच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. आमच्याकडे सेमी इंग्रजीची तुकडीही आहे. त्यामुळे ही उत्तरं महाराष्ट्रातल्या अशा शाळांना धरून आहेत. सीबीएसईच्या किंवा निवासी शाळेत काही गोष्टी वेगळ्या असतील.

वाचायला लागण्यापूर्वी एक लक्षात घ्या. शाळेतले नियम तीन ठिकाणांहून येतात. काही कायद्यातून येतात, काही शिक्षण विभाग आणि परीक्षा मंडळाकडून येतात, आणि बरेचसे शाळेच्या स्वतःच्या पद्धतीतून तयार झालेले असतात. पहिल्या दोन प्रकारांत मुख्याध्यापकांनाही काही बदलता येत नाही. तिसऱ्यात येतं, आणि तो बदल पालकांनी सुचवलेला असू शकतो. कोणता नियम कुठून आला हे ठाऊक नसल्यामुळे काही पालक उगाच भांडतात आणि त्याहून कितीतरी जास्त पालक उगाच गप्प बसतात. मला काळजी गप्प बसणाऱ्यांची वाटते. म्हणून खाली जिथे कायदा आहे तिथे तसं सांगितलं आहे, आणि जिथे नुसती शाळेची पद्धत आहे तिथे तेही.

मुलाबद्दल बोलायचं असेल तर आधी कोणाला भेटायचं?

वर्गशिक्षकांना. हजेरी त्यांच्याकडे असते, चाचण्यांचे गुण त्यांच्याकडे येतात, मधल्या सुट्टीत मूल कोणाबरोबर डबा खातं हेही त्यांना माहीत असतं. विषयाचा प्रश्न असेल तर वर्गशिक्षकांना सांगून त्या विषयाच्या शिक्षकांना भेटा. मुख्याध्यापकांकडे सरळ गेलात तर तेही पहिल्यांदा वर्गशिक्षकांनाच बोलावणार, आणि बोलणं तक्रारीच्या सुरात सुरू होणार. याला एक अपवाद आहे, मुलाच्या सुरक्षिततेचा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तास चालू असताना वर्गाच्या दाराशी येऊ नका. आदल्या दिवशी डायरीत चिठ्ठी लिहा, आम्ही मोकळ्या तासाची वेळ कळवतो. रोजंदारीवर जाणाऱ्यांना दुपारी येणं परवडत नाही हे आम्हाला माहीत आहे. परिपाठाआधी किंवा शाळा सुटल्यावर बोलता येतं, फक्त तसं आधी सांगा. आईवडील दोघंही बाहेरगावी असतील, मूल आजीआजोबांकडे किंवा मामाकडे राहून शिकत असेल, तर त्यांनी यावं. फक्त त्यांचं नाव आणि फोन नंबर वर्षाच्या सुरुवातीला आमच्याकडे लिहून द्या.

हजेरीची सक्ती किती? चार दिवस लग्नाला गेलो तर काय बिघडतं?

दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी मंडळाने किमान ७५ टक्के हजेरी ठरवून दिली आहे. तो शाळेचा हट्ट नाही. मोठं आजारपण आलं तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह सूट मागता येते. पण ते प्रमाणपत्र आजारपणातच आणून द्यावं, हॉल तिकिटाच्या वेळी नाही.

लग्नसराईत किंवा गावच्या जत्रेला मूल दोन-तीन दिवस घरी राहिलं तर आभाळ कोसळत नाही. आधी अर्ज द्या. अर्ज मुलाने लिहावा, सही पालकांनी करावी. ‘पोट दुखत होतं’ असं खोटं कारण मुलाकडून लिहून घेऊ नका, ‘मामाचं लग्न’ असं लिहिलं तरी आम्ही मंजूर करतो. मूल घरी वडिलांसमोर बसून खोटं कारण लिहितं, तेव्हा त्याला एक परवानगी मिळते. पुढे तेच मूल शाळेच्या नावाने घरून निघतं आणि शाळेत पोहोचत नाही.

आम्हाला घोर लागतो तो वेगळ्याच गैरहजेरीचा. दर सोमवारी न येणारा मुलगा. महिन्यातले ठरावीक तीन-चार दिवस न येणारी मुलगी. कापसाच्या वेचणीला किंवा ऊसतोडीच्या हंगामात अचानक दिसेनाशी झालेली भावंडं. गणिताची चाचणी असली की ताप येणारं मूल. यांतल्या प्रत्येकामागे काहीतरी असतं आणि ते अर्जात लिहिलेलं नसतं. आम्ही फोन केला की ‘बरं नव्हतं’ एवढं सांगून ठेवून देऊ नका. घरी पैशाची अडचण असेल, आईचं आजारपण असेल, धाकट्याला सांभाळायला कोणी नसेल, तर ते वर्गशिक्षकांना एकट्याने सांगा. ते वर्गात बोललं जात नाही. आणि ऊसतोडीला जायचंच असेल तर निघण्याआधी शाळेत या. साखरशाळा (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ भरणारी शाळा), हंगामी वसतिगृह किंवा मुलाला गावातच नातेवाइकांकडे ठेवणं, यांतलं काय जमेल ते बसून ठरवता येतं. मूल गेल्यावर नुसतं हजेरीपुस्तक आमच्यापाशी उरतं.

मुलींच्या पाळीच्या दिवसांत शाळेत सोय असते का?

असते, पण ती मुलीला माहीत असली पाहिजे. शाळेत पॅड कोणत्या बाईंकडे मिळतात आणि ते टाकायची सोय कुठे आहे, हे आम्ही पाचवी-सहावीपासून सांगतो. आईनेही घरी पुन्हा सांगावं. पोट फार दुखत असेल तर खेळाच्या तासाला बसून राहायला परवानगी असते, त्याचं कारण पीटीच्या सरांना सांगावं लागत नाही, वर्गातल्या बाई निरोप देतात. तुमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल किंवा पाणी नसेल तर तो पालकसभेतला पहिला विषय करा, गॅदरिंगची वर्गणी नंतर. आठवी-नववीतल्या किती मुली या एका कारणाने महिन्याला काही दिवस बुडवतात हे बापांना कळलं, तर ती कडी दुसऱ्या दिवशी बसेल.

उशीर झाला तर फाटक बंद करता, हे योग्य आहे का?

ही शाळेची पद्धत आहे. माझं स्वतःचं मत असं की मुलाला बाहेर रस्त्यावर उभं ठेवू नये, आत घेऊन उशिराची नोंद करावी. एसटी उशिरा आल्याने रोज उशीर होणाऱ्या मुलांची नावं आम्ही वेगळी ठेवतो, त्यांना शिक्षा नसते. तुमच्या शाळेत तसं नसेल तर पालक-शिक्षक संघात मांडा.

एसटीवरून आठवलं. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे आणि बाकी विद्यार्थ्यांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत. पासासाठी शाळेचा बोनाफाईड लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातच मागून ठेवा.

मोबाइल शाळेत चालतो का?

आमच्याकडे वर्गात चालत नाही. क्लासला किंवा लांबच्या गावी एकटं जाणाऱ्या मुलामुलींना फोन जवळ लागतो हे मान्य. त्यांनी सकाळी तो बंद करून कार्यालयात नाव लिहून ठेवायचा आणि सुटताना घ्यायचा. दप्तरात सापडला तर तो जप्त होतो आणि पालकांच्या हाती परत मिळतो. आम्ही फोन उघडून आतलं काही वाचत नाही आणि कोणत्याही शिक्षकाने वाचू नये. मध्ये काही निरोप द्यायचा असेल तर कार्यालयात फोन करा, शिपाईकाका वर्गापर्यंत निरोप आणतात.

फोनचा खरा प्रश्न शाळेबाहेर सुटायचा आहे. पहिल्या तासाला डोळे चोळत बसलेली मुलं आम्हाला ओळखू येतात. ती रात्री एक-दीडपर्यंत गेम किंवा रील पाहत असतात, आणि आईवडिलांना वाटतं की पोरगा अभ्यासाला जागतो. फोन रात्री मुलाच्या खोलीत नसावा, एवढी एक गोष्ट घरी पाळता आली तरी पुष्कळ आहे. आणि ती मोठ्यांनीही पाळावी लागते, नाहीतर चौदा वर्षांचं मूल ऐकत नाही.

वर्गातल्या मुलीचा फोटो परवानगीशिवाय काढणं, तो बदलून ग्रुपवर टाकणं, कोणाच्या नावाने खोटं खातं उघडणं, हे प्रकार ‘गंमत केली’ म्हणून सुटत नाहीत. असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी सांगा. पुरावा म्हणून तो फोटो पुढे चार जणांना पाठवू नका. आहे तसा फोन घेऊन शाळेत या.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय लिहावं?

तो सूचनांसाठी आहे. सुट्टी, वेळापत्रक, पैसे भरायची तारीख. एखाद्या मुलाची तक्रार, कोणाचे गुण, कोणाचं भांडण तिथे लिहू नका. एक आई तिथे रागाने दोन ओळी लिहिते आणि ज्या मुलाबद्दल लिहिलं त्याला दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर बसायचं असतं.

दहावीतला मुलगा स्कूटीवर येतो. सगळेच येतात. शाळा का अडवते?

कारण कायदा अडवतो. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळतो, आणि घराघरांत असलेल्या स्कूटरचं इंजिन बहुधा १०० सीसीच्या वरचं असतं. दहावीतली बहुतेक मुलं तर पंधरा वर्षांची असतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शाळेच्या आवारात अशी गाडी लावू दिली जात नाही. मग मुलं ती समोरच्या दुकानापाशी किंवा मंदिराच्या मागे लावतात, हेही आम्हाला दिसतं. तीन जण एका गाडीवर, कोणाच्याच डोक्यावर हेल्मेट नाही. किल्ली तुम्ही देता. ती देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

‘सर, मारा हवं तर, आमची काही तक्रार नाही.’ असं म्हटलं तर?

हे प्रेमाने म्हटलेलं असतं हे कळतं, तरी उत्तर नाही असंच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी केली आहे. हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, पण म्हणून पंधराव्या वर्षी मारायची मोकळीक मिळत नाही. ताब्यात असलेल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ खाली अठरा वर्षांपर्यंत गुन्हा आहे. पालकाने दिलेल्या परवानगीला तिथे काही किंमत नाही.

मानसिक छळ म्हणजे काय, हे अनेक जण विचारतात. जातीवरून बोलणं, बापाच्या धंद्यावरून टोमणा, रंगावरून किंवा जाडीवरून नाव ठेवणं, फी राहिली म्हणून वर्गात उभं करणं, ‘तू काय दहावी होणार’ असं सगळ्यांदेखत म्हणणं. या सगळ्याची तक्रार करता येते आणि करावी. मूल घरी येऊन हे सांगतं तेव्हा ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे पहिलं वाक्य नसावं.

मग शिस्त कशी लावता, असाही प्रश्न येतो. गृहपाठ शाळा सुटल्यावर बसवून पूर्ण करून घेतो, त्या दिवशी तुम्हाला कळवतो. वर्गात तोडफोड केली तर दुरुस्तीला मुलाला हात लावायला लावतो. सतत भांडणाऱ्या मुलाला वर्गाची एखादी जबाबदारी देतो, कधी त्याचा उपयोग होतो, कधी होत नाही. काही मुलांच्या बाबतीत पालकांना पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. वेळ लागतो. पण छडीने गप्प बसलेला वर्ग आणि शिकणारा वर्ग यांतला फरक शिक्षकाला फळ्याकडे पाठ फिरवल्यावर कळतो.

शिक्षकाविरुद्ध किंवा कर्मचाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रार असेल तर?

शिकवण्याबद्दलची तक्रार असेल तर वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा संस्था, आणि तिथेही दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी, माध्यमिक. प्रत्येक टप्प्यावर लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी तक्रार कितीही खरी असली तरी ती पुढच्या टप्प्यावर पोहोचत नाही.

पण मुलाच्या किंवा मुलीच्या अंगाला नको तसा स्पर्श, घाणेरडं बोलणं, एकटं बोलावणं, असं काही असेल तर हा क्रम पाळायचा नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, असं सांगतो की ज्याला कळलं किंवा नुसती शंका आली त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुख्याध्यापकांनी किंवा संस्थाचालकांनी दडवलं तर त्यांनाही शिक्षा आहे. ‘आधी आपण शाळेत चौकशी करू, नाव खराब होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे, दिवसरात्र चालतो, मूल स्वतःसुद्धा फोन करू शकतं. हा नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, विद्यार्थी सुरक्षा समिती या गोष्टी पुन्हा कडक केल्या. सखी सावित्री समिती, म्हणजे शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे पाहणारी समिती, तर २०२२ पासूनच सांगितलेली आहे. पालक म्हणून तुम्हाला विचारायचा हक्क आहे: समितीत कोण आहेत, तक्रारपेटी कोण उघडतं, किती दिवसांनी उघडतं, सफाईला आणि व्हॅनवर आलेल्या नव्या माणसाची पडताळणी झाली का. हे विचारणाऱ्या पालकाकडे शाळेने संशयाने पाहू नये. आम्हाला असे पालक हवे आहेत.

दप्तराचं वजन, गणवेशाचं दुकान?

दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं सरकारने सांगितलेलं आहे. चाळीस किलोचा मुलगा असेल तर चार किलो. घरच्या काट्यावर एकदा तोलून पाहा. पुष्कळदा वेळापत्रकाबाहेरची वही, क्लासची जाड गाइडं आणि पाण्याची मोठी बाटली यांचंच वजन निघतं. गणवेश, वह्या, बूट ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. मोठ्या भावाचा गणवेश धाकट्याला चालतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शाळा कोणते पैसे घेऊ शकते?

शुल्काचा विषय महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ खाली येतो. विनाअनुदानित शाळांतल्या पालकांनी तो जरूर समजून घ्यावा. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यातले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि शाळेचा शुल्काचा प्रस्ताव आधी या समितीपुढे यावा लागतो. ठरलेलं शुल्क दोन वर्षं वाढवता येत नाही. तुमच्या शाळेत ही सोडत कधी झाली हे आठवत नसेल, तर जूनमध्ये लेखी विचारा.

आमच्यासारख्या अनुदानित शाळेत शुल्क थोडंच असतं. प्रश्न निघतो तो सहल, गॅदरिंग आणि ‘स्वेच्छा’ देणगीचा. देणगी खरोखर स्वेच्छेने द्यायची असते आणि प्रत्येक रुपयाची पावती मिळाली पाहिजे. प्रवेशासाठी देणगी मागणं बेकायदा आहे. सहलीला न येणाऱ्या मुलाची गैरहजेरी लावू नये, त्या दिवशी त्याचा वर्ग भरला पाहिजे.

सहलीला पाठवावं का?

पाठवा. शाळेच्या सहलीला शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, मुलींबरोबर शिक्षिका, हे सगळं लागतं. एसटीची गाडी शाळेला सवलतीत मिळते आणि माझ्या मते तीच घ्यावी. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर पाण्याच्या ठिकाणांबद्दल शाळा फार सावध झाल्या. संमतीपत्रात दमा, फिट, अ‍ॅलर्जी लपवू नका. लिहिलं तर सहलीला नेणार नाहीत अशी भीती वाटते, पण खरी अडचण न लिहिल्याने येते.

क्लास लावावा का? शाळेतल्याच सरांचा लावला तर?

शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ तसं सांगतं. कोणी ‘माझ्याकडे लाव, गुणांचं मी बघतो’ असं सुचवलं तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

बाहेरच्या क्लासबद्दल माझं मत असं की आधी मुलाची शाळेतली वही उघडा. वही अर्धी रिकामी असेल तर क्लासने काही होत नाही, मूल दोन ठिकाणी झोपतं एवढंच. एखाद्या विषयात पाया कच्चा असेल, उदाहरणार्थ अपूर्णांक येत नसतील, तर आम्हाला सांगा. आठवीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवायला आम्हाला कमीपणा वाटत नाही, त्यानेही वाटून घेऊ नये.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?

करत नव्हते, आता तसं राहिलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना अधिकार दिला आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू केली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्यातही जमलं नाही तर ते त्याच वर्गात राहतं. कोणालाही शाळेतून काढता मात्र येत नाही. पहिल्या सत्राचा निकाल पाहूनच या. पुनर्परीक्षेच्या आठवड्यात येणाऱ्या पालकांना काय सांगावं हे खरंच सुचत नाही.

आठवीच्या हुशार पण गरीब मुलांसाठी एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलांना निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा.

‘तुमचा मुलगा कच्चा आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असं शाळा सांगते. भरावा का?

हा प्रश्न नववीच्या निकालानंतर येतो आणि दर वेळी मला त्रास होतो. सतरा नंबर, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याची सोय, ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी आहे. लग्नामुळे, कामामुळे, स्थलांतरामुळे शाळा सुटलेल्यांना तिने खरोखर हात दिला आहे. पण दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून शिकत असलेल्या मुलाला शाळेबाहेर ढकलायला ती वापरली जाते, तेव्हा तो अन्याय आहे. मुलाचं नाव शाळेतून कमी झालं की त्याचे तास जातात, मित्र जातात, खेळ जातो. दहावीचं वर्ष एकट्याने घरी बसून काढणं भल्याभल्यांना जमत नाही.

दाखला मागणारा अर्ज पालकांच्या सहीशिवाय होत नाही. म्हणून घाईने सही करू नका. कारण लेखी मागा. नववी पास असेल तर दहावीच्या वर्गात बसायचा त्याचा हक्क आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली तरी जा.

आणि दहावीत एक-दोन विषय गेलेच तर वर्ष वाया जात नाही. दोन विषयांपर्यंत एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, पावसाळ्यात पुरवणी परीक्षाही असते.

दहावीच्या गुणांचं गणित समजावून सांगा.

भाषांना लेखी ८० आणि अंतर्गत २०. गणिताच्या दोन भागांना ४०-४०, विज्ञानालाही तसंच, आणि वर अंतर्गत २०. उत्तीर्ण व्हायला ३५. टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते. अंतर्गत गुण वह्या, प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा यांवर असतात, ‘सर देतात’ म्हणून नसतात. प्रयोगवही जानेवारीत एका रात्रीत उतरवून काढलेली लगेच कळते.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ वाढीव गुण मिळतात. खेळाचे, लोककलेचेही गुण आहेत. ते आपोआप येत नाहीत, शाळेमार्फत प्रस्ताव जावा लागतो. प्रमाणपत्रं घरी फाइलला लावून ठेवली आणि प्रस्तावाची तारीख गेली, असं दरवर्षी कोणाचं तरी होतं.

मुलगा बोलायला हुशार, पण लिहिताना अक्षरं उलटी, स्पेलिंग चुकीचं. आळशी आहे का?

बहुधा नाही. वाचन, लेखन किंवा गणिताची अध्ययन अक्षमता असू शकते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये तिची नोंद आहे. तपासणी सरकारी रुग्णालयातून किंवा मान्यताप्राप्त केंद्रातून करून प्रमाणपत्र मिळतं. मग मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. तपासणीला तारखा लांबच्या मिळतात, त्यामुळे आठवीतच सुरुवात करा. वर्गात याची जाहीर वाच्यता होत नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबलेल्या घरातली मुलं मी पाहिली आहेत. ती स्वतःला मठ्ठ समजायला लागतात, आणि तो समज काढणं स्पेलिंग सुधारण्यापेक्षा फार अवघड असतं.

शाळेबाहेरच्या टपरीचं काय?

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू, सिगारेट विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. शाळेने पत्र दिलं तर टपरी चार दिवस हलते आणि परत येते. पालकांच्या सह्यांचं पत्र पोलीस ठाण्यात आणि नगरपालिकेत गेलं तर जास्त फरक पडतो, असा अनुभव आहे. डब्यात पोळी-भाजी द्या. सकाळी वेळ नसेल तर दहा रुपये देण्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू चालेल.

अपार आयडीची (विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाची) संमती द्यावीच लागते का?

संमतीपत्र पालकांच्या सहीने भरायचं असतं आणि संमती ऐच्छिक आहे. दिली नाही म्हणून मुलाला परीक्षेला बसू न देणं किंवा प्रवेश अडवणं योग्य नाही. दिली तर आधारवरचं आणि शाळेतलं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते बघा.

फी बाकी आहे म्हणून दाखला अडवला तर?

अडवता येत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला दाखल्यासाठी रखडवणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. २०२१ च्या शासन निर्णयाने तर दहावीपर्यंत दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाला सरकारी आणि अनुदानित शाळांनी दाखल्याविना प्रवेश द्यावा असं सांगितलं आहे. बाकी फीचा हिशेब मोठ्यांनी मोठ्यांशी करावा.

दाखल्यावर नाव किंवा जन्मतारीख चुकली आहे. कधी दुरुस्त करायची?

मूल शाळेत आहे तोवरच. दाखला जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीवरून, बनतो आणि त्या रजिस्टरमधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते. शाळा सोडल्यावर हीच गोष्ट फार अवघड होऊन बसते, आणि नोकरी, पासपोर्ट, जात पडताळणी, सगळीकडे हाच दाखला मागतात. आठवीत प्रवेश झाल्याबरोबर कार्यालयात जाऊन रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा: नाव, आईचं नाव, आडनावाचं लेखन, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. फरक दिसला तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, प्राथमिक शाळेच्या दाखल्याची प्रत आणि अर्ज क्लार्ककडे द्या आणि पोच घ्या. दहावीचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात, त्याआधी मंजुरी हातात हवी. अर्ज भरल्यावर विद्यार्थ्यांच्या माहितीची यादी सहीसाठी येते. ती मुलाने घाईत सही करून परत देऊ नये, घरी आणून दाखवावी. चष्मा लावून वाचा आणि मगच सही करा.